लोकार्पणाच्या दिवशी नाव शोधताना

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसाला त्याच्याच लोकार्पणाच्या कार्यक्रमात काही काम नसतं. बटण दाबायला कुणी मोठा माणूस असतो, पडदा वर जायला संगीत असतं, बोलायला मार्केटिंगचे लोक असतात. आम्ही डेव्हलपर मागच्या रांगेत चहाचा कागदी कप धरून उभे असतो. टाळ्या वाजतात तेव्हा आम्हीही वाजवतो, पण लक्ष पडद्यावर नसतं. दाखवणारा माणूस आता कोणत्या बटणाकडे बोट नेतोय, तिकडे असतं. कारण कुठलं बटण दाबायचं नाही, हे सभागृहात फक्त आम्हाला माहीत असतं.

ही भीती फक्त आमच्यासारख्या लहान माणसांची नाही. २० एप्रिल १९९८ ला अमेरिकेत एका मोठ्या प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर होते. सहकाऱ्यानं विंडोज ९८ दाखवता दाखवता संगणकाला एक स्कॅनर जोडला आणि सगळ्या जगासमोर पडदा निळा पडला. गेट्स हसून म्हणाले की, म्हणूनच आम्ही अजून हे बाजारात आणलेलं नाही. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सनी पहिला आयफोन दाखवला, तो सोहळा आजही लोक यूट्यूबवर बघतात. त्या दिवशी हातात असलेला फोन अर्धवटच तयार होता. कोणती गोष्ट कोणत्या क्रमानं दाखवली तर तो बंद पडत नाही, हे अभियंत्यांनी शोधून ठेवलं होतं आणि जॉब्स त्याच वाटेनं चालले. प्रेक्षकांत बसलेले अभियंते एकेक टप्पा पार पडला की व्हिस्कीचा घोट घेत होते, असं त्यांच्यातल्याच एकानं पुढे सांगितलं. आम्ही चहावर भागवतो, एवढाच फरक.

या ठरलेल्या वाटेला आमच्या धंद्यात 'हॅपी पाथ' म्हणतात. सगळं सुरळीत असलेला माणूस सुरळीत माहिती भरतो आणि त्याचं काम सुरळीत होतं, ती वाट. त्या वाटेबाहेर जे जे घडू शकतं, त्याला म्हणतात 'एज केस'. म्हणजे कडेला पडलेलं प्रकरण. वेळ मिळाला तर बघू, नाहीतर पुढच्या आवृत्तीत.

मी आज लिहितोय ते या कडेबद्दल.

पुण्यात एका कंपनीत मी काम करत होतो. गोदामांत काम करणाऱ्या लोकांची हजेरी, पगार, ओळखपत्र असं सगळं एका ठिकाणी आणणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवलं होतं. त्यात नावासाठी तीन चौकोन होते: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. चाचणीसाठी जी खोटी नावं भरली होती, ती बहुतेक पाटील, जोशी आणि कुलकर्णी होती. मी बैठकीत दोनदा सांगितलं की मराठवाड्यातल्या मुसलमानांची नावं या तीन चौकोनांत बसत नाहीत. उत्तर मिळालं, "एज केस आहे, नंतर बघू." लोकार्पणाच्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक सुरू होतं. पाहुण्यांनी हौसेनं आपल्याच गोदामातल्या एका खऱ्या कामगाराला मंचावर बोलावलं आणि त्याचं ओळखपत्र तिथल्या तिथे छापून द्यायला सांगितलं. कार्ड बाहेर आलं. त्यावर मोठ्या अक्षरात नाव होतं: 'श्री. शेख शेख'.

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. तो माणूसही हसला. कार्ड खिशात घालून खाली उतरला.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे, म्हणजे जालना, बीड, परभणी, संभाजीनगर या बाजूला मुसलमानाचं नाव सरकारी कागदावर साधारण असं असतं: शेख फलाणा शेख बिस्ताना. यात फलाणा हा मुलगा, बिस्ताना हा त्याचा बाप. शेख दोघांच्याही नावाच्या आधी येतो. सय्यद आणि मिर्झा यांचंही बऱ्याचदा तसंच. जुन्या कागदांत मधे 'वल्द' असायचं, 'शेख फलाणा वल्द शेख बिस्ताना', म्हणजे बिस्तानाचा मुलगा फलाणा. पुढे 'वल्द' गळालं आणि चार शब्दांची रांग उरली. आता सांगा, यात पहिलं नाव कोणतं? जागेनं बघाल तर शेख. आडनाव कोणतं? तेही शेख. मग शेवटचा शब्द आडनाव समजणारं यंत्र आमच्या लोकांना बापाच्या नावानं हाक मारतं, आणि 'शेख' दोनदा उचलणारं यंत्र 'श्री. शेख शेख' असं कार्ड छापतं. बायकांचं आणखी वेगळं. नावाला 'बी' जोडलेलं, पुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार आणि मग नवऱ्याचं नाव.

२०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती आणि त्यात साधारण दर सात माणसांमागे एक मुसलमान. सातातला एक माणूस कडेचा कसा असेल? पुण्यातल्या टेबलावरून बघितलं तर असतो. बदनापूरच्या स्टँडवर उभं राहून बघितलं तर नसतो. कड कुठे आहे, हे बघणारा कुठे बसलाय त्यावर ठरतं.

या पार्श्वभूमीवर मी आजवर हजर राहिलेल्या लोकार्पणांपैकी सगळ्यात चांगलं कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हॉटेलातलं एकही सांगत नाही. १५ ऑगस्ट २०२१ चं सांगतो. त्या ॲपमधली एकही ओळ मी लिहिली नव्हती. घरून काम करण्याचे दिवस होते, म्हणून मी बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. त्या दिवसापासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. महसूल आणि कृषी विभागानं टाटा ट्रस्टच्या मदतीनं ते बनवलं होतं. आधी निवडक तालुक्यांत प्रयोग झाला आणि मग सगळ्या महाराष्ट्रासाठी खुलं केलं. घोषवाक्य होतं, 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा'.

शहरातल्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते लिहिलेलं असतं, बारामध्ये त्या जमिनीत काय पेरलंय ते. बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचा. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावं. तो प्रत्येक बांधावर जाणार कसा? म्हणून कपाशीच्या रानात कागदावर ज्वारी उभी असल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. हे गमतीचं वाटतं, पण पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत आणि हमीभावाच्या केंद्रावरची खरेदी हे सगळं त्या बाराच्या नोंदीकडे बघून चालतं. रानात सोयाबीन वाहून गेलं आणि कागदावर सोयाबीन नव्हतंच, तर सरकारच्या हिशेबी तुमचं काही वाहून गेलेलं नाही.

आता ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची होती. फोनवर विभाग, जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचं. खातेदार म्हणून आपलं नाव शोधायचं. मग गट, हंगाम, पीक, क्षेत्र, पाणी कुठून मिळतं, पेरणी कधी केली हे भरायचं. शेवटी रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश आणि रेखांश जातात, म्हणजे फोटो कुठे काढला ते कळतं.

त्या दिवशी रविवार होता. नागपंचमी दोन दिवसांपूर्वी झाली होती आणि मोहरमचा चांद दिसून चार-पाच दिवस झाले होते. झेंडावंदन झाल्यावर तलाठी साहेब आणि कृषी सहायक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर थांबले. पडदा, संगीत, निवेदक यांतलं काही नव्हतं. तोंडाला रुमाल बांधलेली पंचवीस-तीस माणसं आणि त्यांच्यात मिळून सात-आठ स्मार्टफोन. "आपला कॉम्प्युटरवाला हाय की," म्हणत लोकांनी मला पुढे ढकललं.

डेव्हलपर म्हणून मला पहिली गोष्ट आवडली ती अशी की एका मोबाईलवरून वीस खातेदारांची नोंद करता येत होती. ज्यानं हे ठरवलं त्यानं गाव बघितलेलं होतं. शहरात आपण धरून चालतो की एक माणूस म्हणजे एक फोन. गावात एक फोन म्हणजे एक गल्ली असते. दुसरी गोष्ट म्हणजे, फोटो रेंज नसलेल्या रानात काढून ठेवायचा आणि रेंज असलेल्या जागी येऊन पाठवायचा, अशी सोय होती. आमच्या गावात रेंज म्हणजे पाण्याच्या टाकीखालची जागा, त्यामुळे ही सोय नसती तर पुढचं सगळं फुकट होतं.

मग आमच्या बडे अब्बांची पाळी आली. माझ्या अब्बांचे थोरले भाऊ. चष्मा पुसून फोन लांब धरून ते बघत होते. खातेदार शोधण्यासाठी पडद्यावर पर्याय आले: पहिले नाव, मधले नाव, आडनाव, खाते क्रमांक, गट क्रमांक. माझ्या डोळ्यांसमोर ते पुण्यातलं कार्ड आलं. बडे अब्बांनी मला विचारलं, "बेटा, इसमें पैला नाम क्या लिखू? शेख लिखू क्या मेरा नाम लिखू?"

मी काही बोलायच्या आत तलाठी साहेब म्हणाले, "चाचा, नाव राहू द्या. गट नंबर सांगा."

बडे अब्बांना गट नंबर तोंडपाठ होता. स्वतःची जन्मतारीख त्यांना सांगता येत नाही, पण गट नंबर झोपेतही सांगतील. नंबर टाकला आणि खाली नावं आली.

हे मी पुढे अनेक बैठकांत उदाहरण म्हणून सांगितलं आहे. नावाचा गुंता सोडवण्याचा एक उपाय म्हणजे नावं नीट समजून घेणं. तो अवघड आहे आणि करायलाच हवा. पण तो होईपर्यंत माणसाला दुसऱ्या दारानं आत येऊ द्या. ज्यानं त्या यादीत गट क्रमांकाचा पर्याय ठेवला, त्याला कदाचित शेख फलाणा शेख बिस्ताना ठाऊकही नसेल. पण नाव जुळेलच याची खात्री नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. तेवढ्यानं काम झालं.

नाव का जुळत नाही, याला आमच्याकडे मोठा इतिहास आहे. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आमचा जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ ला, त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. निजामाच्या काळात महसुलाचं दफ्तर उर्दूत होतं. मराठवाड्यातल्या जमिनीच्या भांडणात आजही वकील ज्या कागदासाठी धावतात तो म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. म्हणजे 'पाहणी' हा शब्द ॲपनं आणलेला नाही. तो आमच्या आजोबांच्या कागदावरच आहे.

उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीत नाहीत. वाचणारा ते अंदाजानं घालतो. घरच्या माणसाला अंदाज बरोबर येतो, कारण त्यानं नाव ऐकलेलं असतं. पण दफ्तर मराठीत आलं तेव्हा नावं देवनागरीत उतरवणाऱ्यानं ती ऐकलेली असतीलच असं नाही. म्हणून एकाच माणसाचा एका कागदावर उस्मान झाला, दुसऱ्यावर उसमान. इस्माईल, इस्माइल, ईस्माईल. माणसाला हे एकच नाव वाटतं. संगणकाला नाही. त्याच्या दृष्टीनं पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी ही दोन वेगळी अक्षरं, म्हणून दोन वेगळी माणसं. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं. मग तो माणूस तहसीलच्या बाहेर बसून शपथपत्र करतो की हे तिन्ही मीच आहे.

ही गोष्ट फक्त मुसलमानांची आहे असं कुणी समजू नये. २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. त्या पानांवर मराठ्यांची आणि कुणब्यांची नावं उर्दूत होती. एका समाजाचा कागद दुसऱ्या समाजाची समजली जाणारी लिपी सांभाळून बसलेला असतो. आपल्या बोलण्यातलंच बघा ना. महसूल, तहसील, मौजा, जमीन हे शब्द अरबी-फारसीतून आले. खरीप म्हणजे अरबीत पानगळ आणि रब्बी म्हणजे वसंत. आमच्या इस्लामी वर्षात रबी-उल-अव्वल नावाचा महिनाच आहे. बांधावरचा माणूस या शब्दांना कुठल्या धर्माचं समजत नाही. त्याच्यासाठी खरीप म्हणजे सोयाबीन आणि रब्बी म्हणजे हरभरा.

आणि लिपीचा त्रास फक्त उर्दूवाल्यांनाच होतो असंही नाही. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा असतो. तो लिहायला संगणकाच्या पोटात वेगळा ऱ वापरावा लागतो. ते ज्याला माहीत नाही त्याच्या पडद्यावर 'शेतकर्यांच्या' उमटतं. 'ॲप' या शब्दातला पहिला ॲ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी हे अक्षर त्या तक्त्यातच नव्हतं. संगणकाच्या जगात एके काळी अख्खी मराठीच एज केस होती. हे आठवलं की 'शेख शेख' वर हसणाऱ्यांचा मला फार राग येत नाही. त्यांचंही काहीतरी कुठल्यातरी यादीत बसत नसणारच.

पण त्या रविवारी खरी गोष्ट नाव सापडल्यावर घडली. गट नंबरखाली फक्त बडे अब्बांचं नाव नव्हतं. माझ्या अब्बांचं होतं, धाकट्या चाचांचं होतं आणि त्याखाली फुफीचं होतं. नावाला 'बी', मग 'भ्र.', मग फुफांचं नाव.

फुफी परतूरला दिलेली. मोहरमसाठी माहेरी आली होती आणि ओट्याच्या कडेला बायकांत बसली होती. आमच्या भागात बहिणीचं नाव सातबाऱ्यावर बरेचदा हक्कसोडपत्रापर्यंतच राहतं. हिंदूंत तसंच, मुसलमानांत तसंच. मौलवी साहेब जुम्याला सांगतात की बेटीचा हिस्सा कुराणानं ठरवलाय, सगळे मान हलवतात आणि बाहेर येऊन बहिणीकडून सही घेतात. दादांच्या पश्चात आमच्याकडे वारस म्हणून सगळ्यांची नावं लागली होती आणि सही घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं किंवा कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्यावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं. फुफीला वाचता येतं, पण सातबारा तिच्या हातात कुणी दिला नव्हता.

मी यादी मोठ्यानं वाचत होतो, कारण बडे अब्बांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. चौथं नाव वाचलं तेव्हा फुफी उठून जवळ आली. म्हणाली, "मेरा नाम अब्बी तक हय इसमें?"

कुणी बोललं नाही. तलाठी साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. अशा वेळी काय करायचं, हे त्यांना अनुभवानं कळत असणार. बडे अब्बांनी फोन माझ्या हातातून घेतला, लांब धरला, परत माझ्याकडे दिला. मग म्हणाले, "रहताच की. अब्बा की जमीन हय."

दुपारी आम्ही फोटो काढायला रानात गेलो. फुफीही आली. लग्नानंतर ती या रानात आलीच नव्हती असं नाही, वेचणीला, हुरड्याला आली होती. पण त्या दिवशी ती बांधावरून चालताना इकडे तिकडे बघत होती, ते वेगळं होतं. सोयाबीन फुलावर होतं. चार ओळी सोयाबीनच्या आणि दोन तुरीच्या. तूर बदनापूरच्या संशोधन केंद्राचं वाण, बीडीएन ७११. ॲपमध्ये मिश्र पिकाचा पर्याय होता, पण वाणाची जागा नव्हती. बडे अब्बांना त्याचं वाईट वाटलं, कारण त्यांच्या मते खरी माहिती तीच. फोटोची वेळ आली तेव्हा त्यांनी फोन बहिणीकडे दिला. "तू निकाल," म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी फोन धरला आणि फोटो काढला. पहिल्या फोटोत तिचं बोट आलं. दुसरा चांगला आला.

पुढे तिच्या हिश्श्याचं काय झालं, हे मी इथे लिहिणार नाही. तो आमच्या घरातला विषय आहे आणि अजून चालू आहे. पण तो विषय घरात निघाला, एवढं खरं. वीस वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते एका यादीच्या चौथ्या ओळीनं बोलायला लावलं. ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे नसणार. त्यांना फक्त पीक मोजायचं होतं.

ओट्यावरचा आणखी एक माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. तो सगळ्यात मागे उभा होता. त्याच्याजवळ फोन होता आणि त्यानं ॲप उतरवूनही घेतलं होतं. गर्दी पांगल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी बटईनं करतो. माझं नाव यात कुठं टाकायचं?"

बटई म्हणजे जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, आणि पीक वाटून. व्यवहार तोंडी असतो, कागद नसतो. आमच्या भागात बटईनं करणारे भूमिहीन मुसलमान आहेत, दलित आहेत, ज्याची जमीन पोटाला पुरत नाही असे मराठे आणि धनगरही आहेत. बियाणं त्यांच्या खिशातून जातं, फवारणीचं औषध त्यांच्या अंगावर उडतं. पण यादी सातबाऱ्यावरून आली होती आणि सातबाऱ्यात तो नव्हता. 'माझी शेती, माझा सातबारा' यातली शेती त्याची होती, सातबारा नव्हता. मी त्याला सांगितलं की नोंद मालकाच्याच नावानं होईल. त्यानं मान हलवली. "म्हणजे फोटू मी काढायचा, नाव त्यांचं," म्हणाला. मग म्हणाला, "ठीकय. पीक तर खरं लागंल." आणि गेला. त्यानं फोटो काढलाही असेल.

याला एज केस म्हणायचं का? प्रोग्रॅममध्ये कुठे चूक नव्हती. यादीत जो नाही तो पडद्यावर येणार नाही, हे बरोबरच चाललं होतं. पण बरोबर चाललेलं सॉफ्टवेअर जुन्या अन्यायाला नवा, स्वच्छ पडदा देऊ शकतं. फुफीच्या बाबतीत त्याच यादीनं झाकलेलं उघड केलं आणि या माणसाच्या बाबतीत नसलेपण पक्कं केलं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच ओट्यावर.

त्या खरीपात नोंदणीची मुदत वाढवावी लागली, कारण सगळा महाराष्ट्र एकदम आत यायला बघत होता. हे आमच्या धंद्यात होतंच. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या वर्षीचं. १ ऑगस्ट २०२२ पासून नवी आवृत्ती आली. शेतकऱ्यानं केलेली नोंद हीच त्याची घोषणा म्हणून धरली जाणार आणि तलाठ्यानं फक्त दहा टक्के नोंदी तपासायच्या, असं ठरलं. चुकलं तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येणार. कागदावर या साध्या सुधारणा दिसतात. पण शंभर वर्षं ज्या माणसाला तहसीलात 'साहेब, माझं ऐका' म्हणावं लागलं, त्याचं म्हणणं आधी खरं धरायचं आणि मग तपासायचं, हा उलटा प्रवास आहे. आणि चूक दुरुस्त करायला दोन दिवस देणं म्हणजे माणूस चुकतो हे मान्य करणं. 'श्री. शेख शेख' छापलेल्या कार्डाला अशी सोय नव्हती.

'लोकार्पण' हा शब्द मराठीत फार सहज वापरतात. लोकांना अर्पण. पण कुठले लोक, हे बटण दाबल्यानं ठरत नाही. कुणीतरी आपलं नाव शोधायला लागतो, तेव्हा ठरतं.

म्हणून आता मी कामाच्या ठिकाणी एक सवय लावून घेतली आहे. कुठलंही सॉफ्टवेअर तयार झालं की मी चाचणीसाठी माझी स्वतःची यादी देतो. त्यात शेख फलाणा शेख बिस्ताना असतो. नावाला 'बी' आणि पुढे 'भ्र.' असलेली बाई असते. आडनाव नसलेला माणूस असतो, आणि दोन वेलांट्यांचे दोन इस्माईल. 'ऱ्या' असलेलं गावाचं नाव असतं. आणि यादीच्या शेवटी मी एक ओळ मोकळी ठेवतो. नवीन आलेली मुलं विचारतात, सर, ही रिकामी का? मी सांगतो, ज्याचं नाव कुठल्याच तक्त्यात नाही त्याच्यासाठी. तो आला तर तुमचं सॉफ्टवेअर त्याला काय सांगेल, ते आधी लिहून आणा. मग लोकार्पणाची तारीख ठरवू.